डिझेल जाईल, वीज येईल. आमच्या वाट्याचे काय?

कळंबोलीच्या ट्रक तळावर भरदुपारी गेलात तर शेकडो गाड्या नुसत्या उभ्या दिसतात. कुणी चाकाला पाठ टेकून झोपलेला असतो, कुणी केबिनच्या मागे स्टोव्हवर भात शिजवत असतो, चार जण पत्ते कुटत बसलेले असतात. ही माणसे आळशी नाहीत. त्यांचा नंबर लागलेला नाही. ट्रान्सपोर्टच्या कचेरीतून माल मिळेपर्यंत गाडी उभी. आणि गाडी उभी असली तरी फायनान्सचा हप्ता धावतच असतो.

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही तिथे गेलो होतो ते एका बांधवाच्या बोलावण्यावरून. माणूस मूळचा परभणी जिल्ह्यातला. पंधराव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढला, मग सेकंड ड्रायव्हर, मग ड्रायव्हर. वीस वर्षे दुसऱ्याची गाडी हाकल्यावर कर्ज काढून स्वतःचा ट्रेलर घेतला. काचेच्या वरच्या पट्टीवर निळ्या अक्षरांत 'जयभीम' आणि त्याच काचेच्या कोपऱ्यात फायनान्स कंपनीचे स्टिकर. न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर उचलायचा, चाकणला पोचवायचा, चाकणहून भरलेला किंवा रिकामा परत आणायचा, हा त्याचा धंदा. चहा झाल्यावर त्याने विचारले, "सर, करंटवर चालणारा ट्रक आला म्हणतात. बंदरात आम्ही डोळ्यांनी पाहिला. आमचं काय होणार?"

आम्ही म्हणालो, आधी तुझा हिशेब सांग. मग बोलू.

त्याने सांगितलेला हिशेब असा. न्हावा-शेवा ते चाकण आणि परत अशी एक फेरी सुमारे अडीचशे किलोमीटरची. भरलेला ट्रेलर, त्यात बोर घाटाची चढण, म्हणजे अॅव्हरेज लिटरला तीन किलोमीटर धरायचे. त्र्याऐंशी लिटर डिझेल लागले. त्या वेळी मुंबईच्या बाजूला डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास होते. एका फेरीला साडेसात हजार रुपये नुसते टाकीत. २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांना 'युरिया' म्हणून जे पाणी टाकावे लागते ते वेगळे. त्याच्या खालोखाल एक्स्प्रेस-वेचा टोल. मग टायर, हप्ता, विमा, ट्रान्सपोर्टवाल्याचे कमिशन, आणि रस्त्यात जिथे जिथे हात पुढे येतो तिथे तिथे ठेवायची नोट. या सगळ्यातून उरले तर त्याचे. "महिन्याला फेऱ्या किती?" आम्ही विचारले. "नंबर लागेल तशा. पंधरा झाल्या तर देवच पावला," असे म्हणाला आणि आमच्याकडे बघून जीभ चावली.

या साडेसात हजारांत तेल किती आणि सरकार किती, हे आपल्या वाचकांनी एकदा समजून घेतले पाहिजे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे केले गेले. तेव्हा सांगितले गेले की आता बाजार ठरवील; कच्चे तेल महागले तर दर चढेल, स्वस्त झाले तर उतरेल. दर चढण्याची अर्धी गोष्ट खरी झाली. त्याच सुमारास जगात कच्चे तेल कोसळू लागले आणि केंद्राने अबकारी कर चढवायला सुरुवात केली. २०१४ मध्ये लिटरमागे ३ रुपये ५६ पैसे असलेला हा कर मे २०२० मध्ये ३१ रुपये ८३ पैशांवर गेला. म्हणजे टाळेबंदीत, जेव्हा कच्चे तेल मातीमोल झाले होते आणि मजूर महामार्गावरून पायी गावाकडे निघाले होते, तेव्हा डिझेलवरचा कर सगळ्यात उंच होता. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये दहा आणि मे २०२२ मध्ये सहा रुपयांची कपात झाली. या करातला मोठा भाग उपकराच्या नावाने घेतला जात असल्यामुळे त्याचा वाटा राज्यांनाही मिळत नाही. त्यावर राज्याचा व्हॅट. जुलै २०१७ मध्ये देशभर जीएसटी आला, डिझेल त्याच्या बाहेरच राहिले. त्यामुळे गाडीमालकाने डिझेलवर भरलेला कर त्याला कुठेही वळता करून घेता येत नाही.

मोठ्या वाहतूक कंपन्यांचे कारखान्यांशी वर्षाचे करार असतात. डिझेल अमुक रुपयांनी वाढले तर भाडे अमुक टक्क्यांनी वाढेल, असे कलम त्यात लिहिलेले असते. एका गाडीच्या मालकाकडे कोणता करार? तो ट्रान्सपोर्टवाल्याच्या तोंडी भावावर गाडी लावतो. नको म्हणाला तर मागे पन्नास गाड्या उभ्या आहेत. या देशातले बहुसंख्य ट्रकमालक पाचपेक्षा कमी गाड्यांचे मालक आहेत. डिझेलच्या दरवाढीचा पहिला मार त्यांच्या पाठीवर बसतो आणि दुसरा भाजीपाला, पीठ, मीठ विकत घेणाऱ्या आपल्या वस्तीच्या पाठीवर. मोटारीत डिझेल टाकणारा श्रीमंत आणि झोपडीत कांदा चिरणारी बाई यांना एकच कर लागतो. फरक इतकाच की बाईला तो दिसत नाही.

आता विजेकडे येऊ. विजेवरचा अवजड ट्रक ही आता प्रदर्शनात मांडायची वस्तू राहिलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदरात बॅटरी बदलता येणारे पन्नास विद्युत ट्रक केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते कामाला लावले गेले. बंदराच्या आत फिरणाऱ्या सुमारे सहाशे गाड्यांपैकी नव्वद टक्के गाड्या डिसेंबर २०२६ पर्यंत विजेवर नेण्याचे उद्दिष्ट त्या वेळी जाहीर झाले. चीनमध्ये २०२५ साली विकल्या गेलेल्या नव्या अवजड ट्रकांमध्ये पाचांतल्या एकाहून जास्त विजेवरचे होते. तेव्हा हे येणार की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आमच्यातले काही जण अजून 'हे सगळे फॅड आहे' म्हणतात. मोबाईल आला तेव्हाही असेच म्हणत होते आणि एसटीडी बूथ घेऊन बसले होते.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर विजेचा फायदा खरा आहे. डिझेल इंजिनात जळणाऱ्या तेलातली निम्म्याहून जास्त शक्ती नुसती उष्णता होऊन वाया जाते. विजेची मोटर दहातला नऊ हिस्से कामाला लावते. आणि घाट उतरताना तर मोठीच गंमत आहे. डिझेलच्या गाडीवर ड्रायव्हर ब्रेक दाबून दाबून ड्रम तापवतो. ब्रेक फेल होऊन बोर घाटात किती गाड्या कोसळल्या याची मोजदाद नाही. विजेच्या गाडीत उतारावर मोटरच उलटे काम करते, चाकाचा वेग धरून ठेवते आणि त्यातून तयार झालेली वीज बॅटरीत परत भरते. चाकणहून भरलेला कंटेनर खाली बंदराकडे आणणाऱ्या गाडीला घाट म्हणजे फुकटची मिळकत.

आम्ही कागद काढून त्या बांधवासमोरच गणित मांडले. त्याच्याएवढा ट्रेलर विजेवर चालवला तर किलोमीटरला साधारण दीड युनिट लागते असे धरले. अडीचशे किलोमीटरला पावणेचारशे युनिट. युनिट दहा रुपयांना मिळाले तर फेरीचा खर्च साडेसात हजारांवरून पावणेचार हजारांवर, बरोबर निम्मा. आठ रुपयांना मिळाले तर तीन हजार. पण युनिटला वीस रुपये मोजावे लागले तर? पावणेचारशे गुणिले वीस, पुन्हा साडेसात हजार. डिझेल आणि वीज एकाच काट्यावर. रस्त्यावरच्या खाजगी जलद चार्जिंग केंद्रांवर मोटारवाल्यांना मोजावा लागणारा दर याच वीस रुपयांच्या आसपास असतो. ज्याच्या स्वतःच्या आवारात वीज जोडणी आहे, छपरावर सोलर आहे, त्याला आठ रुपये. जो रस्त्यावर उभा आहे त्याला वीस.

गणित इथेच संपले असते तर बरे झाले असते. अशा डिझेल ट्रेलरला चाळीस-पंचेचाळीस लाख लागतात. विजेवरच्याला एक कोटीच्या वर. आपण सव्वा कोटीपेक्षा थोडे कमी, एक कोटी वीस लाख धरू. वरची रक्कम पंचाहत्तर लाख. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेले जास्तीत जास्त अनुदान ९ लाख ६० हजार. ते वजा केले तरी पासष्ट लाखांचे जादा कर्ज. अकरा टक्क्यांनी त्याचे नुसते व्याज वर्षाला सात लाख पंधरा हजार. आता बचत पाहा. फेरीला पावणेचार हजार वाचतात, दहा रुपयांच्या विजेने. महिन्याला पंधरा फेऱ्या धरल्या तर वर्षाची बचत पावणेसात लाख. म्हणजे व्याजसुद्धा निघत नाही, मुद्दल तर दूरच. तेच महिन्याला पस्तीस फेऱ्या करणाऱ्या गाडीची बचत वर्षाला पावणेसोळा लाख. तिचे कर्ज सहज फिटेल. ऑईल, क्लच प्लेट, फिल्टर यांचा खर्च वाचतो तो आम्ही धरलेला नाही आणि बॅटरीच्या किमती उतरत आहेत हेही खरे. पण हिशेबाचा कल बदलत नाही.

आमचा बांधव कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, जो रोज पळेल त्याला स्वस्त, आणि जो नंबरात उभा आहे त्याला महाग."

इतक्या थोडक्या शब्दांत आम्हाला सांगता आले नसते. डिझेलचा ट्रक उभा राहिला तर फारसे खात नाही. तो पळताना खातो. विजेचा ट्रक उलटा. पळताना थोडे खातो, उभा राहिला की व्याज खातो. म्हणून तो अशाच माणसाच्या फायद्याचा आहे ज्याच्या हाती कारखान्याचा किंवा बंदराचा पक्का करार आहे, दोन पाळ्यांत दोन ड्रायव्हर लावता येतात आणि गाडी भरायला स्वतःची जागा आहे. सिमेंट, पोलाद, कोळसा, बंदर. ठरलेला रस्ता, ठरलेल्या फेऱ्या. हे करार कुणाच्या हातात आहेत ते आम्ही सांगायला नको. गाडी आमच्या पोराची असेल. पण माल कुणाच्या गाडीत भरायचा हे सांगणारी खुर्ची त्याची नव्हती, आजही नाही.

सरकारच्या योजना या फरकाला कमी करतात की वाढवतात? पीएम ई-ड्राइव्हमध्ये विद्युत ट्रकांसाठी पाचशे कोटी ठेवले आहेत, सुमारे ५,६०० गाड्यांपुरते. अनुदान हवे तर जुना ट्रक मान्यताप्राप्त भंगार केंद्रात मोडल्याचे प्रमाणपत्र लागते. धूर ओकणारी जुनी गाडी रस्त्यावरून जावी, हा हेतू चांगलाच. पण ही जुनी गाडी कुणाची असते? मोठी कंपनी सात-आठ वर्षांत गाडी विकून टाकते; तिची तिसरी, चौथी मालकी आमच्यासारख्यांच्या नावावर येते. आणि हे भंगार प्रमाणपत्र खरेदी-विक्री करण्याजोगे आहे. जुनी गाडी आमच्या माणसाने मोडायची, त्याचा कागद चार पैशांना विकायचा आणि नव्या गाडीची सोय दुसऱ्याने करून घ्यायची, असा व्यवहार होऊ शकतो. तो होऊ नये याची तजवीज कुणी करायची?

कर्जाचे तेच. स्टँड-अप इंडिया योजना एप्रिल २०१६ मध्ये आली. मार्च २०२५ पर्यंत तिच्यात अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना दहा लाख ते एक कोटी कर्ज मिळत होते. पण ते नव्या उद्योगाला. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात दोन कोटींपर्यंतच्या कर्जाची दुसरी योजना जाहीर झाली, तीही पहिल्यांदाच उद्योगात पडणाऱ्यांसाठी. ज्याने वीस वर्षे स्टिअरिंग धरून एक गाडी उभी केली आणि जिला आता बदलायची वेळ आली, तो यांपैकी कशातच बसत नाही. तो ना नवा, ना मोठा. टोलचेही पाहा. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेवरच्या मोटारी आणि बसगाड्यांना टोलमाफी मिळाली, मालगाड्यांना मात्र त्यातून वगळले. वीस-तीस लाखांची विजेची मोटार घेणाऱ्या साहेबाला सवलत आणि पोटासाठी माल वाहणाऱ्याला पूर्ण टोल. यामागचे तर्कशास्त्र कुणी समजावून सांगितले तर आम्ही ऐकायला तयार आहोत.

पण ज्या मुद्द्यासाठी आम्ही हा लेख लिहायला बसलो तो पुढेच आहे.

डिझेलच्या अर्थव्यवस्थेत आपल्यासाठी दोन दरवाजे होते. अरुंद होते, कुरकुरत उघडत होते, पण होते. एक म्हणजे पेट्रोल पंप. सरकारी तेल कंपन्यांच्या पंपवाटपात अनुसूचित जाती-जमातींना साडेबावीस टक्के आरक्षण आहे. दुसरा म्हणजे टँकर. तेल कंपन्यांच्या टँकर वाहतुकीच्या निविदांत अनुसूचित जाती-जमातींच्या गाडीमालकांचा वाटा राखलेला असतो. आज महाराष्ट्रात जे थोडेफार दलित गाडीमालक, पंपमालक दिसतात त्यांतले कितीतरी या दोन दरवाजांतून आत आले. यातले काही पंप नावाला आमचे आणि गल्ल्यावर भलताच माणूस बसलेला, हेही आम्हाला ठाऊक आहे. भांडवल नसलेल्याला परवाना मिळाला की सावकार पाठोपाठ येतोच. आम्ही हे लपवत नाही. पण दार किलकिले आहे म्हणून त्यातून चोर शिरला, तर दार भिंत घालून बंद करायचे नसते.

आता विजेच्या बाजूला असे दार शोधा. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने स्पष्ट केले की वाहनांचे चार्जिंग केंद्र काढायला वीज कायद्याखाली परवाना लागत नाही. परवान्याची कटकट गेली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण जिथे परवाना नाही, तिथे वाटप नाही. जिथे वाटप नाही, तिथे आरक्षण नाही. ज्याच्याकडे महामार्गाला लागून जमीन आहे, उच्च दाबाची जोडणी घ्यायला पैसा आहे, तो केंद्र काढील. महामार्गाला लागून आमच्या किती लोकांच्या जमिनी आहेत? महामार्गाला लागून आमच्या वस्त्या आहेत. त्यांतून धूर आत येतो. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्येच जाहीर केले आहे. धूर सोसायला आम्ही रस्त्याच्या कडेला होतो. धूर गेल्यावर त्याच कडेला जो धंदा उभा राहील त्यात आम्ही नसू, असा हा मामला आहे. कुणी आरक्षण काढून घेतले असे म्हणता येणार नाही. ते ज्या जमिनीवर उभे होते ती जमीनच हळूहळू सरकवली जात आहे. सरकारी कंपन्या विकल्या गेल्या तेव्हा नोकऱ्यांच्या बाबतीत हेच झाले आणि आपण फार उशिरा जागे झालो.

ड्रायव्हरबद्दल दोन शब्द. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यापेक्षा ज्याच्या हातात आहे ती माणसे आपल्यात जास्त. मालक अॅव्हरेज ठरवून देतो. त्यापेक्षा जास्त डिझेल जळले तर पगारातून कापतो, मग गाडी जाममध्ये उभी असो की घाटात रांगत असो. विजेच्या गाडीत प्रत्येक क्षणाचा हिशेब यंत्रात नोंदला जाणार. डिझेल चोरीचा आळ जाईल, हे बरे. पण गाडी चार्जिंगला लावून दीड-दोन तास थांबायचे, तो वेळ कामाचा की आरामाचा? फेरीवर पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरला त्या दोन तासांचे कोण देणार? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा होती. ती कोणत्या ड्रायव्हरला मिळाली हा प्रश्न वेगळा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदाच नव्या कामगार संहितेत विरघळला. २०२५ मध्ये नव्याने बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. पण विजेच्या गाडीत एसीही त्याच बॅटरीवर चालणार. मे महिन्यात विदर्भात मालक फोनवरून काय सांगेल, 'एसी लाव' की 'बंद कर, रेंज कमी होते', ते आपल्याला सांगता येईल. संघटनांनी हे आताच लिहून घ्यायला हवे. जानेवारी २०२४ मध्ये अपघातानंतर पळून जाणाऱ्याला दहा वर्षे शिक्षेच्या कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा दोन दिवसांत पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला बोलणीला बसावे लागले. ताकद आहे. मागणीचा कागद नाही.

तळावर गॅरेजवाले, पाटेवाले, इंजिन उतरवणारे यांची रांगच्या रांग आहे. इंजिनच नसेल तर त्यांनी काय करायचे? टायर पंक्चर होतच राहणार, पाटे तुटतच राहणार. पण पंप, नोझल, हेड, क्लच हे काम जाणार. आयटीआयमध्ये विद्युत वाहन मेकॅनिकचा ट्रेड आला आहे. वस्तीतल्या ज्या पोराला मोटार मेकॅनिकला घालायचे चालले आहे त्याच्या बापाने या ट्रेडची चौकशी करावी, एवढे मात्र आजच करता येण्यासारखे आहे.

विजेचा प्रश्न आपल्याला परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते, हे सगळ्यांना माहीत असते. त्याच खात्याकडे वीज आणि जलसिंचन हे विषय होते, हे फार थोड्यांना. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळात, १९४४ मध्ये उभे राहिले. युद्धोत्तर काळात देशाला वीज हवी ती भरपूर आणि स्वस्त हवी, कारण तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्याच्या चक्रातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. आणि त्याच बैठकीत त्यांनी विचारार्थ ठेवलेला प्रश्न होता, वीज सरकारी मालकीची असावी की खाजगी? ऐंशी वर्षांनी कळंबोलीच्या तळावर तोच प्रश्न पुन्हा उभा आहे, आठ रुपयांचे युनिट आणि वीस रुपयांचे युनिट या रूपात.

त्याचे उत्तर अवघड नाही. केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, दिवसा सूर्यप्रकाशाच्या तासांत चार्जिंग केंद्रांना वीज पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या सात-दशांश दराने मिळायला हवी आणि इतर वेळी एक पूर्णांक तीन-दशांश दराने. म्हणजे वीज सगळ्यात स्वस्त कधी? दुपारी. आणि छोट्या मालकाची गाडी सगळ्यात जास्त वेळ उभी कधी असते? दुपारीच. कळंबोली, वडाळा, भिवंडी इथले तळ सार्वजनिक पैशातून चार्जिंगचे तळ करा, दर शासनाने बांधून द्या, आणि ते चालवण्याचे ठेके देताना पंपांप्रमाणेच साडेबावीस टक्के वाटा ठेवा. तळाची जमीन सरकारी, जोडणी सरकारी वीज कंपनीची. तिथे 'परवाना लागत नाही' ही सबब चालणार नाही. ठेका द्यावाच लागतो आणि जिथे ठेका आहे तिथे आपली मागणी उभी राहते. बॅटरी बदलायची पद्धत आलीच आहे, तर बॅटरी मालकाने विकत घ्यायची गरज नाही. गाडीची निम्मी किंमत बॅटरीतच असते. महात्मा फुले महामंडळाने बॅटरीशिवायच्या गाडीला कर्ज द्यावे आणि बॅटरी भाड्याने मिळावी. रेशनचे धान्य गोदामातून दुकानात नेण्याचे ठेके, नगरपालिकांच्या कचऱ्याच्या गाड्यांचे ठेके हे सगळे ठरलेल्या रस्त्याचे, ठरलेल्या फेऱ्यांचे काम आहे. विजेच्या गाडीला याहून योग्य काम नाही. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून चार टक्के खरेदीचे बंधन आहे. ते वाहतुकीच्या ठेक्यांत किती पाळले गेले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात.

आम्ही त्या बांधवाला म्हणालो, दहा गाडीमालक एकत्र या, संस्था काढा, बंदराकडे एकत्र करार मागा. पंधरा फेऱ्यांच्या पस्तीस त्याशिवाय होणार नाहीत. तो हसला. म्हणाला, "सर, संस्था काढली की अध्यक्ष कोण यावर पहिली मारामारी." मागासवर्गीय सहकारी संस्था किती निघाल्या आणि किती कागदावरच राहिल्या, हे पाहिलेल्या माणसाला आम्ही काय उत्तर देणार? तरी आम्ही सांगितले की पुढच्या महिन्यात महामंडळाच्या कचेरीत अर्ज घेऊन जाऊ, तू आणि आणखी चौघांना घेऊन ये. आरसी, हप्त्यांचे कागद, जातीचा दाखला, सगळे सोबत.

चार वाजायला आले तेव्हा त्याचा फोन वाजला. नंबर लागला होता. त्याने गाडीवर चढून चावी फिरवली, काळ्या धुराचा लोट बाजूच्या चहावाल्याच्या पातेल्यावरून गेला. खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाला, "चाकणचं भाडं आहे सर. येताना रिकामी." आणि तळाच्या तोंडाशी असलेल्या पंपावर गाडी वळवली, उधारीवर शंभर लिटर डिझेल भरायला.